हिरव्या पाण्याचा इतिहास : मैल्यातून अन्न परत मिळवण्याची धडपड

१/
डिसेंबर १९७२. सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे तीन जणांचे एक पथक जमिनीखाली बांधलेल्या, बाहेरच्या हवेपासून तोडलेल्या एका घरात राहायला गेले. प्रयोग १८० दिवस चालला. आतली हवा आतच शुद्ध करण्याचे काम गहू, भाज्या आणि क्लोरेला नावाचे सूक्ष्म हिरवे शैवाल यांच्यावर सोपवले होते. सूर्याची जागा झेनॉनच्या प्रचंड दिव्यांनी घेतली होती आणि त्यांना वीज पुरवण्यासाठी जवळचे जलविद्युत केंद्र राबत होते.

२/
त्याच काळात कोलकात्याच्या पूर्वेला मच्छीमार शहराच्या गटारांचे पाणी उथळ तळ्यांत घेत होते. ते हिरवे होईपर्यंत थांबत होते आणि मग त्यात माशांची पिल्ले सोडत होते. तिथला दिवा म्हणजे माथ्यावरचा सूर्य. दोन्ही ठिकाणचा मूळ प्रश्न मात्र एकच होता : माणसाच्या शरीरातून बाहेर पडलेले पोषण पुन्हा त्याच्या ताटापर्यंत कसे आणायचे? या धाग्यात त्या प्रश्नाचा, आणि त्याच्या उत्तरात सूक्ष्म शैवालाने बजावलेल्या भूमिकेचा इतिहास.

३/
आधी हिशेब. पिकाने मातीतून घेतलेले नत्र, स्फुरद आणि पालाश अन्नातून माणसाच्या पोटात जातात. वाढ पूर्ण झालेले शरीर त्यांतले जवळजवळ काहीच साठवत नाही. जेवढे आत जाते, साधारण तेवढेच मलमूत्रातून बाहेर पडते. एका प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला सुमारे चार ते पाच किलो नत्र आणि अर्धा किलोच्या आसपास स्फुरद बाहेर येते. नत्राचा फार मोठा वाटा लघवीत असतो. म्हणजे प्रत्येक शहर हे नकळत खताचा कारखानाही असते.

४/
एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांनी हा माल नद्यांत सोडायला सुरुवात केली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडनची संसद हैराण झाली आणि त्यानंतर जोसेफ बाझलजेट यांची भुयारी गटारे उभी राहिली. रोगराईच्या दृष्टीने तो मोठा विजय होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांना मात्र त्यात शेताची लूट दिसत होती. मातीतले क्षार समुद्रात वाहून जात असतील, तर माती एक दिवस रिकामी होणार, हा त्यांचा मुद्दा होता. लंडनच्या मैल्याचा शेतीसाठी उपयोग व्हावा म्हणून त्यांनी तिथल्या महापौरांना पत्रेही लिहिली.

५/
भारताला मैल्याचे मोल ठाऊक होते. 'सोनखत' हा मराठी शब्दच त्याची साक्ष देतो. मुंबई इलाख्यातील नगरपालिका मैल्याचे खत करून बागायतदारांना विकत असत. पण या व्यवस्थेचा पाया अन्यायाचा होता. मैला उचलण्याचे आणि वाहण्याचे काम जातीने ठरवून दिलेल्या माणसांच्या डोक्यावर होते. म्हणून मैल्यातील पोषण परत मिळवण्याच्या प्रत्येक योजनेला दोन कसोट्या लागतात : माती समृद्ध होते का, आणि ते काम कोणाच्या अंगावर पडते?

६/
शैवालाची किमया इथे सुरू होते. सांडपाणी उथळ तळ्यात उन्हात ठेवले की त्यातील जीवाणू घाण कुजवू लागतात. त्यांना प्राणवायू लागतो आणि ते कर्बवायू, अमोनिया व फॉस्फेट मोकळे करतात. शैवालाला नेमके हेच हवे असते. उन्हात ते या द्रव्यांपासून स्वतःचे शरीर घडवते आणि प्राणवायू बाहेर सोडते. एक ग्रॅम शैवाल तयार होताना साधारण दीड ग्रॅम प्राणवायू पाण्यात मिसळतो. जीवाणू आणि शैवाल एकमेकांचे अन्नदाते होतात, आणि या देवघेवीत पाणी स्वच्छ होत जाते.

७/
या शैवालांपैकी सर्वांत गाजलेले क्लोरेला. १८९० मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी ते शुद्ध स्वरूपात वाढवून त्याला हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची वाढती लोकसंख्या आणि अन्नटंचाई यांची चिंता दाटली, तेव्हा शास्त्रज्ञांची नजर पुन्हा या हिरव्या ठिपक्याकडे वळली. सुकवलेल्या क्लोरेलात निम्म्याच्या आसपास प्रथिने असू शकतात, आणि ते काही तासांत दुप्पट होऊ शकते. गव्हाला महिने लागतात, तिथे याला दिवस पुरतात, हा हिशेब मोहात पाडणारा होता.

८/
१९५१ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या पुढाकाराने मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहरात एका इमारतीच्या गच्चीवर क्लोरेलाचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. जपानमध्ये हिरोशी तामिया यांच्या प्रयोगशाळेत समांतर काम चालू होते. या प्रयोगांतून १९५३ साली एक गाजलेला ग्रंथही निघाला. निष्कर्ष मात्र उत्साहाला आवर घालणारे होते. शैवाल वाढत होते, पण पंप, कर्बवायू, खनिजे आणि सुकवणी यांचा खर्च धरला की साधे सोयाबीन स्वस्त पडत होते.

९/
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातील अभियंते विल्यम ऑसवाल्ड यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने मांडला. शैवालाला विकतचे खत कशाला? शहराचे सांडपाणी हेच त्याचे खत. शिवाय ते शुद्ध करण्यासाठी पालिका पैसा खर्च करतच असते. १९५७ साली हॅरल्ड गोटास यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी सांडपाण्याच्या शुद्धीकरणातील प्रकाशसंश्लेषणाला अभियांत्रिकीची भाषा दिली : किती ऊन, किती खोली, किती दिवसांचा मुक्काम, किती प्राणवायू.

१०/
त्यातून पुढे आले 'वेगवान शैवाल तळे'. धावपट्टीसारखा लांबट वळणाचा एक उथळ कालवा, खोली जेमतेम गुडघ्याखाली, आणि पाणी हळूहळू फिरवत ठेवणारे वल्ह्यांचे चाक. उथळपणामुळे ऊन तळापर्यंत जाते, आणि फिरत्या पाण्यामुळे प्रत्येक पेशीला उजेडाची पाळी मिळते. काही दिवसांत सांडपाण्यातील अमोनिया आणि फॉस्फेट यांचा मोठा भाग हिरव्या पेशींत बंद होतो. कागदावर लीबिग यांच्या तक्रारीला उत्तर मिळाले होते.

११/
अडचण त्यापुढे होती. शैवालाची पेशी काही सहस्रांश मिलिमीटर आकाराची असते. दाट हिरव्या दिसणाऱ्या तळ्यातही एका लिटर पाण्यात सुके शैवाल बहुधा अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच भरते. ते गाळायला गेले की गाळणी तुंबते, फिरवून वेगळे करायला गेले की वीज खाते, तुरटीने बसवायला गेले की त्या गाळात तुरटी उरते. भरीला क्लोरेलाची पेशीभित्ती इतकी चिवट, की फोडल्याशिवाय माणसाच्या पोटात ती नीट पचत नाही. पोषण पकडले गेले होते, पण हाती लागत नव्हते.

१२/
ही अडचण दुर्लक्षिली तर काय होते, याचे विदारक उदाहरण चीनमध्ये घडले. 'मोठ्या झेपे'च्या धोरणानंतर तिथे भीषण दुष्काळ पडला होता. धान्य संपलेल्या देशात १९६० साली क्लोरेलाचा पर्यायी अन्न म्हणून जोरदार प्रचार झाला. ठिकठिकाणी हौदांत, पिंपांत पातळ केलेल्या लघवीवर हिरवे पाणी वाढवले गेले. पण त्यातून भुकेल्या माणसाला मिळणारे पोषण तुटपुंजे होते. त्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. प्रयोगशाळेतील प्रथिनांची टक्केवारी सत्तेने धान्याच्या कोठाराच्या जागी मांडली होती.

१३/
त्याच दशकात या कल्पनेला एक नवे क्षेत्र मिळाले : अंतराळ. लांबच्या प्रवासात अन्न, पाणी, हवा सगळे बरोबर नेणे अशक्यप्राय. त्यामुळे यात्रिकाचे उच्छ्वास आणि उत्सर्ग हीच शैवालाची शिदोरी ठरली असती. ऑसवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलीत उंदीर, जीवाणू आणि शैवाल यांना एकत्र बांधणारी छोटी बंदिस्त व्यवस्था तयार करून पाहिली. सोव्हिएत संघात अंतराळ कार्यक्रमाचे शिल्पकार सर्गेई कोरोल्योव यांच्या पाठिंब्याने क्रास्नोयार्स्क येथे इओसिफ गिटेलझोन आणि त्यांचे सहकारी कामाला लागले.

१४/
तिथल्या 'बायोस' प्रयोगमालेने सिद्ध केले, की प्रकाशात ठेवलेला सुमारे आठ चौरस मीटर क्लोरेलाचा पृष्ठभाग एका माणसाच्या श्वासाची जबाबदारी पेलू शकतो. हे यश असामान्य होते. पण १८० दिवसांच्या प्रयोगातही घन मैला वाळवून बाजूलाच ठेवावा लागला, त्याचे चक्र पूर्ण झाले नाही. आणि जेवणाच्या बाबतीत माणसांनी गहू आणि भाज्याच पसंत केल्या. पुढे 'बायोस-३'मधील शैवालाचा कक्ष मोडून तिथेही पिकेच लावण्यात आली.

१५/
आता कोलकात्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम क्लार्क यांच्या आराखड्यानुसार तिथे भुयारी गटारे झाली. शहराचा उतार पूर्वेकडे, खाऱ्या दलदलीच्या दिशेने. तिथली विद्याधरी ही भरती-ओहोटीची नदी सांडपाणी समुद्राकडे नेत असे. पण कालव्यांनी, बांधांनी आणि गाळाने ती घुसमटली. १९२८ मध्ये ती मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. भरतीचे खारे पाणी थांबले, आणि त्यावर जगणारी खाऱ्या पाण्यातील मासेमारीही बुडाली.

१६/
नदी गेली, पण गटारे वाहतच होती. महापालिकेचे अभियंते डॉ. बी. एन. डे यांनी सांडपाणी दूर पूर्वेकडील कुल्टी नदीपर्यंत नेणारे कालवे आखले. हे काम १९४३ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याआधीच, १९३० च्या आसपास, स्थानिक मत्स्यपालकांच्या लक्षात आले होते, की योग्य प्रमाणात तळ्यात घेतलेले हे काळे पाणी काही आठवड्यांत हिरवे होते आणि त्यात गोड्या पाण्यातील मासे झपाट्याने वाढतात. कालव्यांमुळे त्यांना वाहत्या खताचा नियमित पुरवठा मिळाला. या तळ्यांना बंगालीत 'भेरी' म्हणतात.

१७/
भेरीची रीत अशी. हिवाळ्यात तळे उपसून तळाचा चिखल उन्हात तापवायचा. मग त्यात सांडपाणी घेऊन ते अधूनमधून ढवळायचे आणि थांबायचे. पाण्याचा रंग, वास, पारदर्शकता पाहून ते 'तयार' झाले की मत्स्यबीज सोडायचे, आणि पुढे बेताबेताने नवे सांडपाणी आत घ्यायचे. जास्त घेतले तर पहाटे प्राणवायू संपून मासे मरतात, कमी घेतले तर ते उपाशी राहतात. काठावर जलपर्णीची पट्टी राखायची. ती लाटांपासून बांध वाचवते. ऑसवाल्ड यांनी समीकरणात मांडलेला तोल इथे डोळ्यांनी साधला जात होता.

१८/
बर्कलीत अडलेला प्रश्न भेरीत मुळी उभाच राहिला नाही, कारण शैवाल वेचण्याचे काम मासे करत होते. चंदेरा मासा गिलांतून पाणी गाळून सूक्ष्म वनस्पती टिपतो. कटला वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, आणि ते प्राणी शैवालावर जगतात. रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचे अवशेष संपवतो. गाळणी, वीज, तुरटी, पेशीभित्ती फोडणारे यंत्र, सगळ्यांची जागा एका तळ्यातील चार जातींनी घेतली. आणि शेवटी हाती येणारी वस्तू बंगाली माणसाला समजावून द्यावी लागत नव्हती. ती त्याच्या रोजच्या जेवणातलीच होती.

१९/
या विज्ञानाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. १९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. तीच पुढे 'नीरी' म्हणून ओळखली जाऊ लागली. सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील ऊन आणि तापमान लक्षात घेऊन शैवालाच्या आधाराने चालणाऱ्या शुद्धीकरण तळ्यांची रचना कशी असावी, याचा अभ्यास केला. १९७० मध्ये त्यांचे मार्गदर्शक पुस्तक नागपुरातून प्रसिद्ध झाले. उष्ण देशात ऊन हे भांडवल आहे, हा त्या कामाचा गाभा होता.

२०/
तरीही शहराचे मैलापाणी आणि भेरीतले मासे यांचा एकत्रित अर्थ सरकारी कागदांवर उमटायला १९८० चे दशक उजाडावे लागले. पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष यांच्यावर सांडपाण्याच्या वापराचा अभ्यास सोपवला गेला. ते गटारांच्या प्रवाहामागोमाग चालत गेले आणि भेरींपाशी पोहोचले. ज्या शुद्धीकरणासाठी इतर शहरे कोट्यवधी रुपये मोजतात, ते इथे मच्छीमार आणि शेतकरी करत होते, आणि शिवाय शहराला मासे व भाजी पुरवत होते. या जागेला आज रूढ असलेले 'पूर्व कोलकाता पाणथळ' हे नाव आणि तिचा नकाशा हे त्यांचेच काम.

२१/
नकाशाची निकड होती, कारण शहराला ती जमीन हवी होती. १९६० च्या दशकापासून हुगळीचा गाळ भरून खाऱ्या दलदलीच्या उत्तर भागावर सॉल्ट लेक ही वसाहत उभी राहिली होती. उरलेल्या भागावरही इमारतींचे बेत होतेच. 'पब्लिक' या नागरिक संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली. १९९२ साली न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी दिलेल्या निर्णयाने पाणथळीच्या जमिनीचा वापर बदलण्यावर बंधन आले. घोष यांच्या नकाशाला आता कायद्याचे बळ मिळाले. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरच्या या क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली.

२२/
इकडे अंतराळाचे संशोधनही थांबले नव्हते. १९८९ साली युरोपीय अंतराळ संस्थेने 'मेलिसा' प्रकल्प हाती घेतला. त्यात एकामागोमाग जोडलेले कक्ष आहेत. पहिल्यात जीवाणू मैला कुजवतात, दुसऱ्यात प्रकाशावर वाढणारे जांभळे जीवाणू त्यातील आम्ले खातात, तिसऱ्यात अमोनियाचे नायट्रेट होते, आणि चौथ्यात स्पिरुलिना व पिके वाढतात. बार्सिलोनाजवळील प्रायोगिक केंद्रात प्रवाशांच्या जागी उंदीर ठेवून हे दुवे जोडले जात आहेत. या रचनेची मूळ प्रेरणा काय? एक नैसर्गिक तळे.

२३/
भेरीचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. ऊन, वाढलेला सामू आणि भरपूर प्राणवायू यांमुळे रोगजंतू मोठ्या प्रमाणात मरतात, पण सगळेच मरतात असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांडपाण्यावरील मत्स्यपालनासाठी सुरक्षेचे निकष घालून दिले आहेत, ते त्यासाठीच. शैवालाला अमोनिया आणि कारखान्याचे क्रोमियम यांत निवड करता येत नाही. घरचे मैलापाणी आणि कारखान्याचे विषारी पाणी एकाच गटारात सोडले, तर पोषणाबरोबर जड धातूही साखळीत शिरू शकतात. तो दोष तळ्याचा नाही, गटाराचा आहे. पण त्याची किंमत तळ्यात उतरणारे आणि तिथले मासे खाणारे मोजतात.

२४/
या शतकभराच्या इतिहासात शैवाल वाढवणे कोणालाच फारसे अवघड गेले नाही. गच्चीवर, हौदात, जमिनीखालच्या घरात, सगळीकडे ते वाढले. अवघड होते ते वेचणे, आणि माणसाला मनापासून खावेसे वाटेल असे त्याचे अन्न करणे. कोलकात्यातील मच्छीमारांनी ते साधले, कारण त्यांच्याकडे ऊन होते, मासे होते, पाणी ओळखणारी नजर होती आणि उथळ तळ्यांसाठी भरपूर जमीन होती. यांपैकी ऊन कोणी हिरावून घेत नाही. जमीन मात्र दर वर्षी थोडी थोडी मागितली जाते.

२५/
ध्रुवज्योती घोष २०१८ साली निवर्तले. ज्या पाणथळीचा त्यांनी नकाशा काढला, तिच्या कडांवर बेकायदा भरावाच्या तक्रारी आजही येत असतात. एखादी भेरी बुजली की मासे जातात, हे लगेच दिसते. पण त्याच वेळी शहराचा एक शुद्धीकरण कारखाना बंद पडलेला असतो, आणि मातीतून आलेले नत्र व स्फुरद पुन्हा समुद्राच्या वाटेला लागलेले असते. लीबिग यांची दीडशे वर्षांपूर्वीची तक्रार तिथे नव्याने सुरू होते.

(धागा समाप्त)